जयवंतचे इंग्रजी आजार

जयवंतला आजार फक्त इंग्रजीत होत. मराठीत तो ठणठणीत होता.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमारास मुलुंडच्या एका फाउंड्रीत आम्ही एकाच पाळीत होतो. कंपनीचा डॉक्टर सकाळी यायचा. मराठीत दुखणं सांगितलं की मान वर न करता गोळी द्यायचा. जयवंत पूर्वी बोरिवलीच्या दवाखान्यात कंपाउंडरच्या हाताखाली होता. तिथले जोडशब्द त्याला पाठ होते. सिव्हिअर बॅकेक. हाय फीवर. कम्प्लीट रेस्ट. एवढ्या भांडवलावर त्याने लाइट ड्यूटी मिळवली होती, स्टोअरमध्ये बसून हातमोजे वाटायची. मोज्यांची पेटीसुद्धा तो स्वतः उचलत नसे.

चहाच्या सुट्टीत तो इतरांना शिकवी. "डोकं दुखतं म्हणू नको रे. डोकं सगळ्यांचंच दुखतं. सिव्हिअर हेडेक म्हण." शिकणाऱ्याने त्याबदल्यात त्याचं स्टोअर झाडायचं.

धाकू माझा जोडीदार. वितळलेल्या लोखंडाची बादली दांड्याला अडकवून दोघांनी साच्यापर्यंत न्यायची, पावलाला पाऊल मिळवून. त्या उन्हाळ्यात धाकू मध्येच थांबायला लागला. दांडा उचलला की छाती आवळते, डावा हात बधिर होतो, म्हणाला. त्याला बादलीवरून काढायलाच हवं होतं.

"हेच डॉक्टरला सांग," मी म्हणालो. "जसंच्या तसं."

"आणि गोळी घेऊन परत ये," जयवंत मध्ये पडला. "धाकू, चेस्ट पेन म्हण. सिव्हिअर वीकनेस. मग कम्प्लीट रेस्ट."

"त्याला खरंच होतंय, जयवंत."

"तुझी अक्कल तुझ्या दांड्याला बांध. चल रे धाकू, म्हण."

धाकूने घोकलं. मी डॉक्टरच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो. शाळेत कविता म्हणावी तसा त्याचा आवाज आतून आला. डॉक्टर हसला.

"जयवंतच्या शाळेतला का? रोज एक येतो."

"मराठीत सांग की रे!" मी ओरडलो.

"पुरे. पुढचा."

छातीला नळी न लावताच त्याने लिहिलं, फिट फॉर ड्यूटी.

दुसऱ्या दिवशी धाकूने बादली उचलली. साचा अजून लांब होता. "टेकव," तो म्हणाला. आम्ही टेकवली, सरळ, थेंब न सांडता. मग तो बाजूला कोसळला. इस्पितळात नेईपर्यंत संपला होता.

संध्याकाळी भांडुपच्या चाळीत जयवंत हार घेऊन आला. धाकूची बायको मालन भिंतीला टेकून बसली होती.

"मॅसिव्ह हार्ट अटॅक, वहिनी," सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला.

"भावजी, तेंका काय होत होता, ता मराठीत सांगा."

जयवंत माझ्याकडे बघायला लागला.

"सांग ना," मी म्हणालो.

धाकूचं दुखणं त्याने कधी नीट ऐकलंच नव्हतं. मग मी सांगितलं, छातीचं, हाताचं, सगळं. मालन शेवटपर्यंत ऐकत राहिली. जयवंतचा हार तिने घेतला नाही.