दोन घरांचा सौदा

सॅन डिएगोमागच्या डोंगरात आमची दोन घरं शेजारी शेजारी होती आणि दोन्हींच्या भिंतींना बाहेरून देवदाराच्या फळ्या होत्या. शेजारचं घर माझ्या मित्राचं. पिस्कॅटवेला कॉलेजात आम्ही एका खोलीत राहून शिकलो. पुढे त्याने सॉफ्टवेअरची नोकरी धरली. मी शिक्षण सोडून किराण्याचं दुकान टाकलं, मग दुसरं. त्याला या डोंगरात ओढून आणलं तेही मीच.

२००७च्या वसंतात विमा कंपनीने दोघांनाही कळवलं की वणव्याच्या पट्ट्यात लाकडी भिंती चालणार नाहीत. न पेटणाऱ्या सिमेंटच्या फळ्या बसवायच्या होत्या. कंत्राटदाराने घरामागे अठरा हजार डॉलर सांगितले. मी म्हटलं, दोन घरं एकदम देतो, चौदाने कर.

पहिली जुनी गाडी घेतली तेव्हापासून आमची सौदा करायची एक रीत ठरलेली होती. भाव अडला की मी तणतणत उठायचं. त्याने बसून राहायचं आणि समोरच्याला म्हणायचं की मित्र जरा तापट आहे, तुम्ही थोडं उतरा, मी त्याला परत आणतो. सोफे, गालिचे, त्याच्या लग्नाचा हॉलसुद्धा आम्ही असाच घेतला.

त्या दिवशी कंत्राटदार साडेसोळाच्या खाली येईना. मी कागद टेबलावर आपटले आणि बाहेर गाडीत जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने मित्र एकटाच आला.

"मी माझ्या घराची सही केली."

"कितीला?"

"अठराला."

"अरे, साडेसोळावर आला होता ना तो?"

"ते दोन घरं दिली तर. यार, किती दिवस हे नाटक करायचं? मला लाज वाटते. तो माणूस कष्टाचं खातो."

"आणि मी काय चोरीचं खातो?"

त्याने दार ओढून पट्टा लावला. मी गाडी घराकडे वळवली.

उन्हाळ्यात त्याच्या भिंती झाल्या, फिकट राखाडी, सुबक. बायको म्हणत होती, देऊन टाका अठरा. मी आणखी तिघांना विचारलं; सगळ्यांची कामं आधीच ठरलेली. शेवटी त्याच कंत्राटदाराला फोन केला. त्याने नोव्हेंबर दिला.

वणवा ऑक्टोबरात आला.

रस्ता उघडल्यावर आम्ही परतलो तेव्हा त्याचं घर उभं होतं, एका कोपऱ्याला काजळी धरलेली. आमच्या घराची फक्त विटांची चिमणी उरली होती. बायकोला राखेत तिचा संगमरवरी पोळपाट सापडला, दोन तुकडे झालेला. अग्निशमन दलाचा माणूस म्हणाला, ठिणग्या माळ्यावर हवेसाठी ठेवलेल्या जाळीतूनही शिरतात, भिंती बदलल्या असत्या तरी घर वाचलंच असतं असं सांगता येत नाही. मी ऐकून घेतलं. पटलं नाही. आजही पटत नाही.

हिवाळाभर आम्ही त्याच्याच वरच्या खोलीत राहिलो. तिची खिडकी आमच्या चिमणीकडे उघडायची. त्याची बायको पडदा ओढून ठेवायची, माझी बायको तो उघडायची. तो रोज ऑफिसातून आला की विचारायचा, चहा टाकू का. त्या सहीबद्दल त्याने एक शब्द काढला नाही. मी वाट पाहत होतो. भांडला असता तरी चाललं असतं.

मार्चमध्ये मी मोकळी जागा विकायची ठरवली. तो म्हणाला, मी घेतो. मी आकडा सांगितला. मुद्दाम फुगवून सांगितला, कोणीही हसलं असतं इतका. वाटलं, आता तरी म्हणेल, वेडा झालास का, आणि आम्ही बसू, दोन-चार तास घालवू, शिव्या देऊ.

"ठीक आहे," तो म्हणाला, आणि चेकबुक आणायला आत गेला.

त्याच आठवड्यात आम्ही सामान हलवलं. सामान असं नव्हतंच फारसं.