डार्क रूममधले रंग

त्या आठवड्यात मला झोप नव्हती. मी दिवसातून दहादा रंग विचारायचे, आणि माझी चार वर्षांची रेवा लाल बादलीला कधी लाल म्हणायची, कधी हिरवी. मुलींमध्ये रंगांधळेपणा फार क्वचित असतो, हे नेटवर मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी ‘क्वचित’ म्हणजे आमचीच, असं ठरवून टाकलं.

आणि दिवसभर मी शिकवते काय, तर प्रकाशाची तरंगलांबी! आमच्या कॉलेजच्या डार्क रूममध्ये, म्हणजे प्रकाशाचे प्रयोग करायच्या अंधाऱ्या खोलीत, कादरी सरांच्या हाताखाली. मलाही त्यांनीच शिकवलं. काळ्या पडद्यांमागं माणसं मोकळी बोलतात, म्हणून इथं किस्से लई साठतात. काळजी विसरायला मी तेच आठवत पडायचे.

* * *

सोडियमच्या दिव्याचा उजेड नुसता पिवळा. त्यात बाकीचे रंग मरतात. उस्मानपुऱ्याचा एक मुलगा पान खाऊन प्रॅक्टिकलला आला आणि ओठ मिटून कोपऱ्यात उभा राहिला.

सर म्हणाले, “मियां, जरा हसा.”

तो हसला. ओठ, दात, सगळं काळंकुट्ट! शेजारची मुलगी किंचाळलीच.

“बाहेर नुसतं पान दिसलं असतं,” सर म्हणाले. “इथं भूत दिसतंय. जा, चूळ भरून या.”

* * *

न्यूटन्स रिंग्ज म्हणजे भिंगाखाली दिसणाऱ्या काळ्या-पिवळ्या कड्या. त्यांचे व्यास मोजायचे आणि तरंगलांबी काढायची. एकीचं उत्तर आलं थेट पुस्तकातलं, ५८९३ अँगस्ट्रॉम! ती खूश, मीही खूश.

सरांनी कागद परत दिला. “बेटा, आपल्या मायक्रोस्कोपचा स्क्रू तुझ्या जन्माआधीपासून ढिला आहे. त्यानं इतकं खरं आजवर कुणालाच सांगितलं नाही!”

तिनं पुन्हा मोजलं. उत्तर थोडं चुकलं. सरांनी पैकीच्या पैकी दिले.

* * *

दोन बारीक फटींमधून हिरवा लेसर सोडला की भिंतीवर पट्टे जवळ जवळ पडतात. लाल सोडला की लांब लांब. असं का, ते मी फळाभर सूत्र लिहून सांगितलं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

मागून सोयगावचा गजानन म्हणाला, “मॅडम, म्हंजे लाल हा कापूस अन् हिरवा गहू. कापसाच्या ओळी लांब लांब, गव्हाच्या जवळ.”

पोरं हसली. सर दारात उभे होते. ते आत आले, माझ्या सूत्राशेजारी शेताच्या ओळी काढल्या आणि म्हणाले, “उद्यापासून मी असंच शिकवणार. बरं गजानन, जांभळा लेसर आणला तर?”

“मंग वाफ्यातली मेथी, सर!”

* * *

शेवटी धीर करून सरांना रेवाचं सांगितलं.

“घेऊन ये तिला,” एवढंच म्हणाले.

त्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि हातात ग्रेटिंग दिलं, म्हणजे बारीक रेघा मारलेली काच. समोर पांढरा दिवा लावला. मी टेबल घट्ट धरून उभी.

“रेवाबाई, दिव्याच्या बाजूला रंग दिसतात? लाल कुठंय?”

“सगळ्यात लांब.”

“अन् जांभळा?”

“दिव्याजवळ.”

“हिरवा?”

“मधी.”

सगळं बरोबर! तरंगलांबी जास्त, तर वळणंही जास्त. प्रिझममध्ये उलटं होतं, म्हणून आमची मोठी मुलंसुद्धा इथं गडबडतात. पण माझं मन कुठं ऐकतंय?

“रेवा, नीट बघ हं. लाल कुठंय?”

तिनं काच खाली घेतली. माझ्या तोंडाकडं बघितलं.

“दिव्याजवळ,” ती हळूच म्हणाली.

सर तिच्यासमोर उकिडवे बसले. “का हो रेवाबाई, आत्ताच तर लांब म्हणालात?”

“आईनं परत विचारलं ना,” रेवा म्हणाली, “म्हणजे ते चुकलं असणार.”