तिनं बंद केलेलं पेट्रोल

सुपेल्याच्या बाजारातून आम्ही स्कूटरवर मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा घेऊन आलो. शेंगा इतक्या लांब की मागं बसलेल्या बायकोच्या थैलीतून बाहेर निघून येणाऱ्या-जाणाऱ्याले टोचत होत्या. एक सायकलवाला ओरडला. ती त्याले म्हणाली, "भाऊ, रस्ता तुह्याकडंच जास्त आहे, सरक ना तिकडं." घरी आलो, स्कूटर पोर्चमध्ये लावली. ती उतरली, वाकून सीटखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला आणि शेंगा घेऊन आत गेली. दुपारी जेवून झोपली ते उठलीच नाही. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एवढंच.

कॉक बंद करायची तिची सवय जुनी होती. माझी स्कूटर जुन्या काळातली, दोन स्ट्रोकची. कॉक उघडा राहिला तर रात्रभर थेंब थेंब गळते, आणि स्वयंपाकघराची खिडकी पोर्चमध्येच. "मी इकडं गॅस पेटवू अन तुमी बाहेर बॉम्ब ठेवा," ती म्हणे. मी उतरताना विसरायचो, म्हणून बंद ती करायची. सकाळी उघडायचं काम माझं. तेही मी विसरायचो.

आता, बंद कॉकवरही असली गाडी सुरू होते. कार्बोरेटरमध्ये घोटभर पेट्रोल उरलेलं असते, त्याच्यावर ती मोठ्या ऐटीत निघते आणि कोपऱ्यावर जाऊन मरते. मी कोपऱ्यावर किका मारत राहायचो. ती फाटकात उभी, कमरेवर हात. एक शब्द बोलायची नाही. माझी बनियान भिजली, शेजारपाजारचे पाहायले निघाले, की मग गल्लीभर ऐकू जाईल असा आवाज, "अजी! कॉक!"

एकदा मी विचारलं, "तुले माहीत होतं तर आधी कावून नाही सांगितलं?"

"तुमाले व्यायाम पाहिजे," म्हणे.

तेरवी झाली, पाहुणे गेले. नागपूरहून आलेली पोरगी तेवढी राहिली. स्कूटर तशीच उभी, कार्बोरेटरमधलं घोटभर पेट्रोलही एवढ्या दिवसांत उडून गेलं असेल. मी रोज फडक्यानं पुसायचो, पण सीटखाली हात घालत नव्हतो. कॉक तिनं जसा फिरवला तसाच राहावा, असं डोक्यात बसलं होतं. लिहिताना येड्यासारखं वाटते, पण होतं ते असं होतं.

मग पोरगी म्हणाली, "बाबा, उद्या सकाळी माझी गाडी आहे. पावर हाउस स्टेशनवर सोडून द्याल ना?"

"स्कूटर सुरू नाही होत."

"कावून?"

"खराब आहे."

इथं चूक झाली. पोरीनं शेजारी जाऊन सांगितलं. आमच्या गल्लीत सारे कारखान्यातून रिटायर झालेले. मी रेल्वेचा, जन्मभर रुळावर हातोडा चालवला, सातवीत शाळा सुटली. मशीनमधलं मले काही कळते यावर त्यांचा भरवसा नाही. संध्याकाळी तिघं पाना-पेचकस घेऊन हजर.

पहिला रोलिंग मिलमधला. "प्लग है, और कुछ नहीं." प्लग काढला, पॉलिश पेपरनं घासला, फुंकला, लुंगीले पुसला, परत लावला. किक मारली. काही नाही.

दुसरा क्रेन चालवायचा. "मैं तो पहले ही बोला, पॉइंट है." तो आधी काहीच बोलला नव्हता. ठिणगी पाडणारा पॉइंट साफ झाला. किक मारली. काही नाही.

तिसरा इथलाच, छत्तीसगढी, वयानं सगळ्यात मोठा. त्यानं विडी विझवली आणि म्हणाला, "गाड़ी ला सुता दे गा." तिघांनी मिळून गाडी एका अंगावर आडवी केली, जशी तळ्यात म्हैस. थोडा वेळ तिले आराम दिला, उभी केली. काही नाही.

"पेट्रोल खुला है ना?" रोलिंग मिलवाल्यानं विचारलं.

"खुला है."

"देखा?"

"अभी देखा." आणि मी सीटवर जाऊन बसलो, कॉक पायजम्याआड झाकून. मी बसून होतो अन ते तिघं आळीपाळीनं किका मारत राहिले. शर्ट भिजले, एकाची चप्पल तुटली.

"इंजन बैठ गया," क्रेनवाल्यानं निकाल दिला. "कबाड़ी को दे दो."

मले हसू येऊन राहिलं होतं. ती गेल्यापासून पहिल्यांदा. ती फाटकात उभी राहून काय पाहायची ते मले तेव्हा समजलं. भारी मजा असते बुवा. उगाच नाही ती इतका वेळ चूप राहायची. हसता हसता मले तोंड भिंतीकडं करावं लागलं.

ते गेल्यावर पोरगी म्हणाली, "बाबा, कॉक बंद आहे."

"तुले काय माहीत?"

"याच घरात लहानाची मोठी झाली मी." मग म्हणाली, "आईनं केला?"

ती खाली बसली, वाकून पाहिलं. हात लावला नाही. "राहू द्या," म्हणाली. "मी ऑटोनं जाईन."

उघडा म्हणाली असती तर मी भांडलो असतो. चांगलं ऐकवलं असतं. पण राहू द्या म्हणणाऱ्याशी काय भांडता? रात्रभर डोळ्यासमोर एकच, पोरगी आईच्या साड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन एकटी ऑटोत बसली आहे, आणि तिचा बाप पोर्चमध्ये कॉक राखत बसला आहे.

सकाळी तिच्या आधी उठलो. चहा करून झाकून ठेवला. पोर्चमध्ये जाऊन सीटखाली हात घातला. कॉक घट्ट होता, बाईचा हात जडच. थोडा वेळ नुसता धरून राहिलो, मग फिरवला.

किक मारली. काही नाही. चोक ओढून मारली. काही नाही. आता खरंच सुरू होईना! काय झालं पाहायले इंजिनावरची डिक्की उघडली तर रोलिंग मिलवाल्यानं प्लगची टोपी अर्धीच बसवलेली. मी दाबून बसवली. गाडी एकदा खोकली अन थांबली.

पोरगी वेणी घालता घालता बाहेर आली. उघड्या कॉककडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. गाठोडं आणून स्कूटरवर माझ्या पायाजवळ ठेवलं, बॅग खांद्यावर अडकवली आणि मागं जाऊन उभी राहिली.

"दुसऱ्या गिअरमध्ये टाका. मी ढकलते."

"तुह्याच्यानं होते का?"

"बाबा, क्लच धरा."

तिनं फाटकातून गल्लीत ढकलली. गल्लीतल्या शेवटच्या घराजवळ गाडीनं दोन शिंका दिल्या आणि ढगभर निळा धूर सोडून चालू झाली. थांबलो असतो तर पुन्हा मेली असती, म्हणून मी हळू हळू जाऊ दिली. पोरगी पळत पळत कशीबशी मागं चढली.

"बाबा, पडेन ना मी!"

"मग नीट धर," मी म्हणालो, आणि गाडी पावर हाउसकडं घेतली.