चपलांच्या पिशवीतली ताटली

वेटरनं माझ्यापुढे पांढरी ताटली ठेवली. सेठानीनं ती एका बोटानं बाजूला सरकवली. मग थैलीतून कागदात गुंडाळलेली माझी स्टीलची ताटली काढली. गोंदियाहून सिंगापूरला तिनं ती आठवणीनं आणली होती. कपड्यांना लागू नये म्हणून चपलांच्या पिशवीत घालून.

"बाई, बाहर सोफे पे बैठ जाओ. इसी में भेज देते हैं."

मी त्यांच्या नातवाची मालिश करणारी बाई. गोंदियाजवळ कुडव्याला राहते. आम्ही बौद्ध, पण राइस मिलवाल्या त्या घरात आमच्या जातीचं जुनंच नाव चाले. माझा कप न्हाणीजवळच्या कोनाड्यात असे. माझे हात पोराच्या टाळूपासून टाचेपर्यंत चालत. माझं तोंड लागलेला कप चालत नसे. पोराला सांभाळायला म्हणून मला परदेशी नेलं. बिरशीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं रोज डोक्यावरून जायची, आपण विमानात बसणार म्हणून मी हरखले होते. खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी सकाळपासून हॉटेल निवडणं चाललं होतं. सेठानीच्या मुलाला उंचावरचं हवं होतं, जिथून समुद्र दिसतो. सून मोबाइलवर फोटो दाखवत होती. सेठानी फोन करायला लावून विचारत होती, कढई वेगळी आहे का, कांदा घालता का. मी पोराचे पाय चोळत ऐकत होते. रांधणारा कोण, भांडी घासणारा कोण, हे एकदाही कुणी विचारलं नाही. जात समुद्रापार आली ती फक्त माझ्यापुरती.

वेटरला यातलं काय ठाऊक? त्यानं सगळ्यांसारखी माझीही खुर्ची मागे ओढली. पोराला मांडीवर घेऊन मी बसले. त्यांच्या टेबलाला, पहिल्यांदाच.

आणि आता ही ताटली. तिला चपलांचा वास येत होता.

"मी नाई उठत," मी म्हटलं.

"क्या?"

"काऊन उठू? ह्या काट्यानं काल कोण जेवलं, तुमाले मालूम हाय का? तो तोंडात घालून राहिले न तुमी?"

मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, "माँ, रहने दो. लोग देख रहे हैं."

त्याला लाज वाटली ती लोकांची. सून मोबाइलमध्येच बघत राहिली. माझा पासपोर्ट सेठानीच्या मुलाच्या पाकिटात होता, परतीचं तिकीटही. ते आठवलं. तरी उठले नाही. पांढरी ताटली पुढे ओढून घेतली.

सेठानी उठून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. जागा कमी पडली असं वाटून वेटरनं हसत तिच्यापुढे पाणी ठेवलं. मला अळंबीचं काहीतरी आलं. पावसाळ्यात आमच्याकडे रानात सात्या, अशीच अळंबी, निघतात, त्यांच्या पासंगालाही पुरत नव्हतं. सगळं खाल्लं. स्टीलची ताटली तिथंच टाकून आले.

गोंदियाला उतरल्याबरोबर काम गेलं.

पुढे सुनेला दुसरं मूल झालं. सेठानीचा फोन आला. "बाई, बच्चा किसी के हाथ से चुप नहीं होता. आ जाओ ना."

"येतो," मी म्हटलं. "पयले तुमच्या कपाटातली ताटली काढा माह्यासाठी."

"पहले आ तो जाओ, बाई," ती म्हणाली. मागे पोर रडत होतं, मला स्पष्ट ऐकू येत होतं. माझे हात शिवशिवले.

रडू दे. मी फोन ठेवला.