चित्राखाली माझी सही

असे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. घरात झाकण हरवलेले डबे जमतात ना, तसे ते जमत जातात, आणि टाकवतही नाहीत.

मी अंधेरीच्या एका छोट्या स्टुडिओत काम करते. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांसाठी आम्ही बाहेरच्या आर्टिस्टकडून टॅबलेटवर चित्रं काढून घेतो. मोठा क्लायंट एकच, परदेशातला, आणि त्याची अट कडक. प्रत्येक चित्र माणसानेच काढलेलं हवं. एक जरी एआयचं निघालं तर सगळं काम बंद! म्हणजे आम्ही अकरा जण घरी. प्रत्येक चित्राबरोबर फॉर्म जातो, ‘हे माणसाने काढलेलं आहे’, आणि त्याखाली सही माझी. माझं बीपी त्या सहीनेच वाढलंय, डॉक्टर काहीही म्हणोत.

*

मुलुंडचा केदार. त्याचं चित्र बघून आमचे बॉस सामंत सर खुर्चीतून उठलेच, इतकं झकास. नियमाप्रमाणे मी कच्ची स्केचेस मागितली. तासाभरात बारा आली! एकाहून एक देखणी. पण कुठे खोडलेलं नाही, एक रेघ चुकलेली नाही.

लगेच फोन लावला. "केदार, खरं सांग. आधी कच्चं काढलंस की पक्कं?"

साहेब म्हणतात, "मॅडम, कच्चं पण लागतं हे आधी सांगायचं ना! सगळं एकदमच करून घेतलं असतं!"

करून घेतलं असतं! सहीसाठी उचललेलं पेन मी खाली ठेवलं.

*

त्यानंतर आम्ही व्हिडिओ कॉल सुरू केले. कॅमेऱ्यासमोर बसून काढायचं, आणि विषय मी ऐन वेळी देणार. पहिला नंबर घाटकोपरच्या नेहाचा. मी म्हटलं, "आरेच्या तबेल्यातली म्हैस काढ. मागून."

बिचारी घामाघूम झाली. नापास झाली तर यादीतून नाव जाणार, हे तिलाही माहीत आणि मलाही. अर्धी म्हैस झाली आणि तिच्या सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. काय चाललंय ते त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि सुनेला बाजूला सारून कॅमेऱ्यात आल्या.

"अहो, हीच काढते! चित्राच्या नादात सकाळी करपवलेल्या पोळ्या ठेवल्यात, दाखवू का?"

मी म्हैसही बघितली आणि पोळ्याही. नेहा पास!

*

मग सामंत सरांनी माझीच परीक्षा घेतली, तीही न सांगता. आलेल्या चित्रांत एक चित्र हळूच सरकवलं. पवईचा तलाव, कोवळं ऊन, सात-आठ बगळे. मी शेरा मारला, ‘डोळ्यांत जीव नाही. मशीनचं काम. नापास.’

दोन दिवस सर माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावलं. "वृंदा, ते बगळे माझे आहेत. कॉलेजपासून बगळेच काढतोय मी!"

अख्खं ऑफिस हसून लोळलं. मीही हसले. पण घरी जाताना डोक्यात एकच विचार. चांगल्या हाडामांसाच्या माणसाला मी मशीन ठरवलं होतं. याआधी ज्यांना नापास केलं, त्यात खरे किती असतील? त्या रात्री जेवण गेलं नाही मला.

*

आणि फिलू आंटी!

राहायला गोराई गावात, वय साठीचं. मुलाने टॅबलेट आणून दिला आणि बाई त्यावर अशा काही होड्या, मासे, कोंबड्या काढायला लागल्या की बघत राहावं. पण आमच्या तपासणीच्या सॉफ्टवेअरने त्यांचं पुस्तकच्या पुस्तक लाल दाखवलं. लाल म्हणजे मशीनचं. कच्ची स्केचेस मागितली तर म्हणाल्या, "कच्चं कशाला काढू बाय? मासा डोक्यात असतो, तो उतरवते."

सर म्हणाले, "नाव कापा." मी म्हटलं, "सर, एकदा समोर बसवून बघू. प्लीज."

होडीने खाडी ओलांडून, मग बस, मग मेट्रो करत आंटी आल्या. रविवारी चर्चला जातात तशा नटून. त्यांना सरांच्या काचेच्या केबिनमध्ये बसवलं. टॅबलेट आमचा, इंटरनेट बंद. आम्ही सगळे पाठीमागे उभे.

आणि हात हलेचना! पेन टेकायचं, उचलायचं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. सर घड्याळ बघायला लागले. मला रडू यायचं बाकी होतं.

शेवटी आंटींनी पेन ठेवलं. "सगळे बाहेर जा बघू. असं मानेवर उभं राहिलात तर मला माझं नाव पण लिहिता येणार नाही."

"मग आत तुम्ही काय करता ते आम्हाला कसं कळणार?" सर म्हणाले.

आंटींनी पिशवीतून मोबाइल काढला आणि सरांच्या हातात दिला. "हा घ्या. आता जा."

आम्ही बाहेर. अर्ध्या तासाने दार उघडलं. स्क्रीनवर बघतो तर आम्हीच! काचेला नाक लावलेली मी, कमरेवर हात ठेवलेले सर, मागे टाचा वर करून डोकावणारं अख्खं ऑफिस. सरांच्या शर्टाचं उघडं राहिलेलं बटणसुद्धा होतं त्यात. सरांनी ते गुपचूप लावून टाकलं.

पण नियम म्हणजे नियम. चित्र सॉफ्टवेअरमध्ये टाकलं.

लाल!

सर स्क्रीनकडे बघतायत, मग माझ्याकडे. मी आंटींच्या पुस्तकाचे सगळे फॉर्म पुढे ओढले आणि एकेकावर सही करत गेले. चुकलं तर बाकीची दहा घरं माझ्या नावाने खडे फोडणार होती. पण केली सही.

सर ओशाळून म्हणाले, "बसा हो आंटी, चहा मागवतो."

आंटींनी पिशवी खांद्याला लावली. "मशीनला कसला चहा? चार्जिंगला लावा मला!"