हत्तीच्या कानांची चौकशी

बनशंकरीहून प्राणिसंग्रहालयाकडे निघालेल्या बसमध्ये माझे सासरे खिडकीशी बसले होते. खिशात शिंप्याची टेप आणि चेहरा कोर्टात तारखेला निघालेल्या माणसासारखा. सासरे पेणचे. चाळीस वर्षं गणपतीच्या मूर्ती करतात. आठ दिवस लेकीकडे म्हणून बंगळुरूला आले आणि दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी त्यांना घायाळ केलं.

अक्का पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातल्या, शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्या शोकेसमधली सासऱ्यांची मूर्ती त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि म्हणाल्या, "छान आहे हो. पण कान स्वल्प (थोडे) आफ्रिकेचे झालेत. आपल्या आशियाई हत्तीचे एवढे नसतात."

त्या दुपारी सासऱ्यांनी दुसऱ्यांदा आमटी घेतली नाही. आमच्याकडे ही गंभीर बाब समजली जाते. खरं म्हणजे त्यांनी जिवंत हत्ती जवळून कधी पाहिलाच नव्हता. वडिलांचे हात बघत शिकले होते. आता खरे कान पाहिल्याशिवाय मातीला हात लावणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि मला रजा काढावी लागली.

तिकिटं काढून, वाघ-सिंहांकडे ढुंकूनही न पाहता आम्ही थेट हत्तींकडे गेलो. खंदकापलीकडे एक हत्तीण आमच्याकडे पाठ करून उभी होती. पाऊण तास तशीच. मी कंटाळून चुरमुरी (कुरमुऱ्यांची तिखट भेळ) खाऊन आलो, तरी सासरे शेपटीच पाहत होते. "मूर्तीची पाठ भिंतीकडे असते ना, ती बाजू आम्ही कधी मन लावून केलीच नाही," ते हळूच म्हणाले.

शेवटी त्यांनी एक डोळा मिटून टेप हवेत धरली. ते पाहून माहूत आला आणि हत्तिणीला झंपर शिवायचाय का, असं त्याने हिंदीत विचारलं. सासऱ्यांनी आपला धंदा सांगितल्यावर मात्र तो नरमला. "सरी" (बरं) म्हणाला आणि नाचणीचा गोळा दाखवून त्याने तिला वळवलं. वळता वळता तिने सोंडभर लाल माती स्वतःच्या पाठीवर उडवली. त्यातली निम्मी आमच्या डोक्यावर पडली. ऊन आणि माश्या लागू नयेत म्हणून ती असं करते, तुम्हाला फुकटात झालं, असं माहुताचं म्हणणं.

मग शिकवणी सुरू झाली. आपल्या हत्तीच्या डोक्यावर दोन उंचवटे असतात. सोंडेच्या टोकाला एकच बोट, आफ्रिकेतल्याला दोन. कान हलवून तो अंग थंड ठेवतो. सासरे मान डोलावत होते, पण नजर कानांवर. ते खरंच लहान होते, खांदासुद्धा झाकत नव्हते. मी मोबाइलवर मूर्तीचा फोटो दाखवला. माहुताने फोटो पाहिला, हत्तीण पाहिली आणि फोन परत दिला.

परतीच्या बसमध्ये सासऱ्यांना केसांतली माती झाडायचंही सुचलं नाही. "चाळीस वर्षं लोकांनी चुकीच्या कानांना हात जोडले," एवढंच ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. एरवी मी त्यांची थट्टा करतो. त्या दिवशी एकही विनोद सुचला नाही.

घरी बायको पोळ्यांची कणीक मळत होती आणि अक्का निकाल ऐकायला येऊन बसल्या होत्या. सासऱ्यांनी हात धुतले, परातीतला सगळा गोळा उचलला आणि दहा मिनिटांत डोकं घडवलं. दोन उंचवटे, सोंडेला एक बोट, लहान कान. अक्कांनी पैकीच्या पैकी गुण दिले. बायको म्हणाली, "बाबा, किती गोड हत्ती."

सासरे बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग ओल्या अंगठ्याने त्यांनी दोन्ही कान ओढले आणि चांगले सुपासारखे पसरवले. अक्का, जीवशास्त्राच्या बाई, त्यांचे हात आपोआप जुळले.

"आजवर चुकून मोठे करत होतो," सासरे म्हणाले. "आता मुद्दाम करीन."

हत्ती कसा असतो हे शिकायला एक बसप्रवास पुरला. बाप्पा कसा असतो, हे मात्र परातीत कळलं. त्या कणकेच्या पोळ्या लाटायची हिंमत कुणालाच झाली नाही. अक्कांसकट आम्ही सगळ्यांनी नुसता भात खाल्ला.