तिसऱ्या बारीला मी वाकले

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून हे वहीत लिहून ठेवते आहे. भूत, करणी, अंगात येणं... यावर माझा कधीच विश्वास नव्हता. गावात कोणाच्या अंगात आलं की मी घागर उचलून तलावाकडे निघून जायची. आजही विश्वास बसला असं म्हणणार नाही. पण त्या सकाळचा हिशोब मला लागत नाही.

आमचं गाव मोहर्लीच्या अलीकडे, जंगलाला लागून. धाकटा भाऊ सुधाकर ट्रकवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. हात तेवढे धड राहिले. त्याच्या मित्राने चंद्रपूरहून एक जुना कॉम्प्युटर आणून दिला. त्यात एकच गेम होता — चौकोनांचं मैदान, आपली पाच माणसं, समोर शत्रू. एक बारी आपली, एक त्याची. आपण हललो की थांबायचं, मग तो हलणार. सुधाकर दिवसभर तेच खेळायचा. पाचांतल्या भालेवाल्याला त्याने स्वतःचं नाव दिलं होतं. म्हणायचा, "हा मी. ह्याले पाय आहेत."

भाकरी झाल्या की मी त्याच्याजवळ बसायची. त्याने मलाही शिकवलं. एकट्याला पुढे धाडायचं नाही. दोघांच्या मध्ये चौकोन मोकळा सोडायचा नाही. पाठीशी झाड घ्यायचं, म्हणजे मागून वार येत नाही. माझी चूक नेहमी एकच — जमिनीवर ढाल, कुपी, काही पडलेलं दिसलं की मी माझ्या माणसाला ते उचलायला वाकवायची. सुधाकर चिडायचा.

"बाई, वाकलं का बारी गेली. इथी काय मोहा वेचून राह्यली का तू?"

माय पदराआड हसायची.

मोहफुलांचेच दिवस होते. त्या दिवशी उजाडल्यावर मी आणि माझी नऊ वर्षांची लेक प्रणाली नाल्यापलीकडच्या झाडाखाली वेचत होतो. ती माझ्यापासून दहा पावलांवर. एकाएकी पाखरं गप्प झाली. मान वर केली तर झुडपाशी तो बसलेला, पिवळा, पट्ट्यांचा. आमच्याकडे जंगलात त्याचं नाव घेत नाहीत. तो प्रणालीकडे बघत होता. ती खाली वाकलेली, एवढीशी...

ओरडायला तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. जन्मभर गप्प राहिलेली मी, आवाज कुठून आणणार? डोक्यात एकच आलं — मध्ये चौकोन मोकळा सोडायचा नाही. हळूच तिच्याजवळ सरकले आणि थांबले. तो उठला, थोडा पुढे आला आणि थांबला. मग तिचा दंड धरून मी मोहाच्या बुंध्याला पाठ टेकवली. तो आणखी पुढे आला. थांबला.

तिसरी बारी माझी. पायाशी भरलेली टोपली होती. मी ती उचलायला वाकले. काय सांगू... इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप खाली गेला. त्याने अंग जमिनीला चिकटवलं. मी प्रणालीचं तोंड पोटाशी दाबून धरलं.

तेवढ्यात डावीकडे पाचोळा वाजला. कोणी दमदार पावलं टाकत चालत यावं तसा. त्याने मान वळवली आणि तिकडे झेप घेतली. तिथे कोणी नव्हतं. मी नीट पाहिलं, कोणीच नव्हतं. आम्ही पाठ न दाखवता नाल्यापर्यंत मागे सरकत आलो, मग धावलो.

माय उंबऱ्यावर रडत बसली होती. सकाळपासून लाइन गेलेली, कॉम्प्युटर बंद, तरी सुधाकर काळ्या पडद्यापुढे माऊस हलवत होता म्हणे. घामाने भिजला होता, हाक मारली तरी ओ देत नव्हता. आणि मग त्याचे हात गळून पडले.

मी त्याच्याजवळ गेले. अजून कोणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. प्रणालीची तर दातखीळ बसली होती.

तो म्हणाला, "तिसऱ्या बारीले वाकली काऊन, बाई?"

मी विचारलं, मग काय केलं तू?

"काय करतो? एकाले पुढे धाडावं लागलं."

कोणाला, हे मी विचारलं नाही. त्याचे दोन्ही हात मांडीवर पडले होते, दुसऱ्या कोणाचे आणून ठेवल्यासारखे.

ते पुन्हा उचलले नाहीत. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढले, सुया टोचून पाहिल्या. हातात काही बिघाड दिसत नाही म्हणाले. असेलही काही कारण, मला ते कळणार नाही. पण मी वाकले हे त्याला कोणी सांगितलं... ते कोणालाच सांगता येत नाही.

आता घास मी भरवते. माऊसही मीच धरते, तो सांगतो तसा. फक्त एक ऐकत नाही. भालेवाल्याला मी सगळ्यात मागे, झाडाला पाठ लावून उभा ठेवते. सुधाकर वैतागतो. त्याला असाच ठेवशील तर लढाई हरशील, म्हणतो.

हरतो आम्ही. रोज हरतो. मी त्याला हलवत नाही.